ओरेगानोने पुसलेली काठवट

आस्प्रोपेत्रा या डोंगरगावात कुणाच्या पायाच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, कुणाच्या नखाला बुरशी धरली, कुणाच्या कोठीतल्या चीजवर काळे ठिपके उमटले, की माणूस दुसरीकडे कुठे न जाता गारिफालियाच्या दारात उभा राहायचा. ती आधी त्याला फैलावर घ्यायची. "पाय धुतोस का कधी, की मेंढ्या लोकरीबरोबर धुऊन देतात?" असं म्हणत आत जायची आणि ऑलिव्हच्या तेलात आपल्या अर्काचे थेंब टाकून बाटली आणून द्यायची. नुसता अर्क लावलास तर कातडं सोलून निघेल, हेही बजावायची. मोबदला विचारला तर म्हणायची, "चर्चमध्ये मेणबत्ती लाव. माझ्या नावाने नको, तुझ्या पायांच्या नावाने."

अर्क ओरेगानोचा. जुलैत डोंगरउतारावर ओरेगानो पांढऱ्या फुलांवर आला की ऊन चढायच्या आत ती विळा घेऊन जायची. देठ कापायची, मुळाला धक्का लावायची नाही. सावलीत वाळवलेल्या जुड्या तांब्याच्या भांड्यात दाबून भरायच्या, खाली ऑलिव्हची लाकडं लावायची. मग नळीतून थेंब थेंब पाणी उतरायचं आणि पाण्यावर पिवळट तवंग धरायचा. तो तवंग म्हणजे तेल. वास ओव्याच्या जातीचा, पण ओवा त्याच्यापुढे तान्हं लेकरू. तेजपान आणि थाइमचं तेलही ती काढायची, पण बुरशीवर हुकूम चालावा तो ओरेगानोचाच, असं तिचं ठाम मत.

ही विद्या सासूची. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूने तिला दगडी कोठीत नेलं, फळ्यांवर मांडलेली चीजची चाकं दाखवली आणि फडकं हातात दिलं. "बुरशी म्हणजे सैतानाची दाढी. ज्या घरात दिसली त्या घरच्या बाईची लाज गेली." गारिफालियाने ते वाक्य असं गिळलं की पुढे आयुष्यभर ते पोटात राहिलं. चीज पुसणं झालं की आक्रोडांची फडताळं, मग बरण्यांची झाकणं, मग देव्हाऱ्यातल्या मरियेच्या चित्राच्या चौकटीची मागची बाजूसुद्धा. तिचा नवरा लेफ्तेरिस म्हणायचा, "एक दिवस ही मलाही पुसून फळीवर ठेवील." तो लवकर गेला. त्यानंतर त्या घरात थट्टा करणारं कुणी उरलं नाही.

तेलाइतकाच तिला दुसरा एक मान होता, आणि तो तिला तेलापेक्षा मोठा वाटायचा. रविवारच्या प्रार्थनेचा वेदीचा पाव तिच्या घरून जायचा. पावावर क्रूस उमटवायचा लाकडी ठसा तिच्याकडे असायचा, जसा आधी सासूकडे होता. पाव मळताना ती बोलत नसे, फक्त ओठ हलायचे. डोक्याला धुतलेला रुमाल, घरात कुणाशी भांडण झालेलं असेल तर आधी मिटवायचं, मगच पिठाला हात. आणि खमीर विकतचं नाही. सप्टेंबरात क्रुसाच्या सणाला पाद्रीबाबा वेदीवरची तुळस वाटतात. ती तुळस आणि तीर्थाचं पाणी घरी आणायचं, पिठात पाणी घालून काठवटीत सैलसर गोळा करायचा, वर तुळशीची डहाळी ठेवायची आणि झाकायचं. जुन्या खमिराचा कणही न घालता तो गोळा फुगतो. तेच वर्षभराचं खमीर. इथल्या बायका त्याला कृपा म्हणतात, आणि ती कृपा नाही असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

सिफिस तिचा एकुलता एक. त्याने लग्न केलं ते अल्बानियाहून ऑलिव्ह तोडायला आलेल्या माणसाच्या मुलीशी. तिचं नाव द्रिता. लग्नाआधी तिचा बाप्तिस्मा झाला, नाव फोतिनी ठेवलं. गारिफालियाने स्वतः पांढरं कापड आणलं, तेल आणलं, सगळं रीतसर केलं. गावात कुणी विचारलं की म्हणायची, "आमची फोतिनी." घरात मात्र भांडं पडलं, दूध उतू गेलं, की तोंडातून निघायचं, "तिकडे असंच चालत असेल." फोतिनी उत्तर द्यायची नाही. मुलगी झाली, तिला रिवाजाप्रमाणे आजीचं नाव ठेवलं, तरी ते 'तिकडे' काही सुटलं नाही.

पुढे गारिफालियाच्या हातांनी दगा दिला. बोटांचे सांधे सुजले, मूठ वळेना. एकदा जेवताना सिफिस म्हणाला, "आई, या वर्षी क्रुसाचं खमीर फोतिनी घालेल. पावही तीच मळेल. तू शेजारी बसून सांग."

"तिला काय कळतं त्यातलं?"

"तुला कुठे कळत होतं? आजीने शिकवलं ना?"

"मी या डोंगरातली."

"आणि ही तुझ्या नातीची आई," सिफिस म्हणाला. "ठसा तुझ्यामागे कुणाकडे जाणार? मेंढ्यांकडे?"

गारिफालियाला हो म्हणावं लागलं. पण नुसतं हो म्हणून तिला झोप येईना. बाप्तिस्मा झाला तरी हात तर तेच, असं तिच्या मनात येत राहिलं. सणाच्या आदल्या दिवशी सगळे शेतावर गेले तेव्हा तिने भिंतीवरची काठवट खाली उतरवली. त्या साली ओल फार होती, खालच्या फटीत थोडी बुरशीही धरली होती. ती खरवडून काढली असती तर भागलं असतं. तिने बाटली घेतली आणि अख्खी काठवट ओरेगानोच्या तेलाने पुसली. एकदा पुसली, सुकली, परत पुसली. जुनं लाकूड, सगळं पिऊन गेलं. पुसताना ती प्रार्थना म्हणत होती. त्या परक्या हातांचं जे काही असेल ते या पवित्र झुडपाने धुऊन जावं, असं तिने मागितलं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच, हे तिलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी फोतिनी डोक्याला नवा रुमाल बांधून काठवटीपाशी गुडघ्यावर बसली. पीठ घातलं, तीर्थाचं पाणी घातलं. मळताना थांबली. "आई, काठवटीला वास येतोय. तेलाचा."

"वास तुझ्या नाकाला आहे. मळ."

तिने मळलं, तुळस ठेवली, झाकलं. गोळा फुगला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. झाकण काढलं की मातीच्या ढेकळासारखा पडलेला. शेजारची आर्गिरो डोकावली, तिने जीभ टाळूला लावून आवाज काढला. "अगं बाई. देवाची तुळस या गावात कधी निजली नव्हती."

"पीठ जुनं असेल," फोतिनी म्हणाली.

"पीठ तेच, जे माझ्या घरी आहे," आर्गिरो म्हणाली. "माझं बघ जाऊन, फडकं वर उचलतंय."

गारिफालियाने सुनेकडे बघितलं आणि आर्गिरोच्या देखत विचारलं, "न शिवायच्या दिवसांत होतीस का? खरं सांग."

फोतिनीचा चेहरा लाल झाला. "नव्हते."

"मग काय झालं?"

"मला काय माहीत, आई? तुमचीच काठवट, तुमचंच पाणी."

आर्गिरोने आपल्या खमिराचा गोळा आणून दिला. तोही त्याच काठवटीत वाढवला, फोतिनीच्याच हाताने. पहिल्या दिवशी जरासा हलला, मग आंबूस पाणी सोडून बसला. रविवारचा पाव विटेसारखा निघाला. पाद्रीबाबा भले माणूस, त्यांनी तो तसाच वेदीवर नेला, पण कापताना सुरी करकरली ती सगळ्या चर्चने ऐकली. आता बायकांना कुणी सांगायला नको होतं. दोन वेळा दोन खमिरं मेली, आणि दोन्ही वेळा हात एकच. पुढच्या आठवड्यात पाद्रीबाबा घरी आले, कॉफी प्याले, हवापाण्याचं बोलले आणि जाता जाता म्हणाले, "गारिफालिया, तुझे हात दुखतात. ठसा थोडे दिवस आर्गिरोकडे राहू दे."

ठसा रुमालात गुंडाळून तिने स्वतः नेऊन दिला. गल्लीतून जाताना मान ताठ होती. घरी आली तेव्हा फोतिनी मुलीला भरवत होती.

"सासूच्या सासूपासून या घरात ठसा होता," गारिफालिया म्हणाली. "तुझ्या पायगुणाने गेला."

"आई, पुरे," सिफिस म्हणाला.

"मी काय खोटं बोलते? देवानेच दाखवलं. बाप्तिस्म्याचं तेल लावलं, पाणी शिंपडलं, नाव बदललं, पण खमिराला कळतं कोण आपलं ते. खमीर आणि ही एका छपराखाली नांदायची नाहीत."

फोतिनीने मुलीचं तोंड पुसलं, वाटी खाली ठेवली. "मग खमीर ठेवा," ती म्हणाली.

महिना संपायच्या आत ते तिघं रेथिम्नोला निघून गेले. सिफिसला बंदरावर काम मिळालं. सणावाराला तो एकटा यायचा, चीज घेऊन जायचा, अर्धा तास बसायचा. नात आली नाही. गारिफालियाने काठवट बोकडांच्या गोठ्यात नेऊन टाकली आणि गावात सांगत राहिली, की मुलगा हातचा गेला तो सुनेमुळे. गावाने मान डोलावली. इथे असल्या गोष्टीवर विश्वास ठेवायला पुरावा लागत नाही.

चौथ्या उन्हाळ्यात शेतकी खात्याची एक मुलगी गावात आली. ओरेगानो लावा, तेल काढा, परदेशात मागणी आहे, हे सांगायला. चर्चच्या सभागृहात सगळ्या बायका जमल्या. गारिफालियाला पहिल्या रांगेत बसवलं होतं, तेलाची जाणकार म्हणून. त्या मुलीने काचेच्या दोन चपट्या डब्या काढल्या. एकीत बुरशी कडेपर्यंत पसरली होती, हिरवी, मखमलीसारखी. दुसरीत मधोमध कागदाचा बारीक तुकडा, आणि त्याच्याभोवती स्वच्छ गोल. बुरशी त्या गोलाच्या बाहेरच अडली होती.

"त्या कागदावर ओरेगानोचं तेल आहे," मुलगी म्हणाली. "तेल बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतं. चीजवरची, द्राक्षावरची, नखातली, कुठलीही."

"हे आम्हाला आमच्या आज्यांनी सांगितलंय," खरिक्लिया नावाची म्हातारी मागून म्हणाली. "तू डबी कशाला आणलीस, गारिफालियाचे पाय बघ, लेकरासारखे आहेत."

सगळ्या हसल्या. मुलगीही हसली. "फक्त एक सांभाळा. पिठाच्या भांड्यांना लावू नका. खमीर म्हणजे बुरशीचीच बहीण. तेलाला चांगली कुठली आणि वाईट कुठली हे कळत नाही, ते दोघींना मारतं. लाकडाचं भांडं असेल तर वास महिनोन्महिने जात नाही आणि पाव काही फुगत नाही."

बायका परत हसल्या, कुणीतरी नवऱ्याबद्दल काहीतरी बोललं. गारिफालिया त्या डबीकडे बघत राहिली. मुलगी आता बाजारभावाबद्दल, रोपांबद्दल बोलत होती. आर्गिरोने कोपर मारलं, "काय गं, बरं वाटत नाही का?"

"उकडतंय," गारिफालिया म्हणाली.

त्या आठवड्यात ती रेथिम्नोच्या बसमध्ये बसली. फोतिनी एका बेकरीत काम करत होती. दुपारची बंद करायची वेळ, पुढच्या खोलीत खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. फोतिनीने सासूला पाहून एक खुर्ची सरळ केली, पाण्याचा पेला आणि चमचाभर मुरांबा आणून ठेवला. रीत तिने सोडली नव्हती.

"खमीर तू मारलं नाहीस," गारिफालिया म्हणाली. "काठवटीला तेल होतं. मीच लावलं होतं."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"इथे आल्यावर. इथे रोज खमीर वाढवते मी, माझ्याच हाताने. एकदाही मेलं नाही. मग वास आठवला. तेव्हा बोलले होते मी, तुम्ही नाकाचं काढलंत."

"मग मला का नाही कळवलंस?"

"कशाला? तुम्ही दुसरं कारण शोधलं असतं." फोतिनीने हात एप्रनला पुसले. "तेल का लावलंत, आई? बुरशी फटीत होती तेवढीच खरवडायची असते. तुम्हीच मला शिकवलं होतं."

गारिफालियाने मुरांब्याचा चमचा उचलला आणि तसाच ठेवला. शेवटी गारिफालिया जमिनीकडे बघत म्हणाली, "तुझे हात लागणार होते म्हणून."

बाहेर कुणीतरी शटर ओढलं. फोतिनीने आणखी एक खुर्ची सरळ केली आणि समोर बसली. मग म्हणाली, "तुमच्या नातीला शाळेत विचारतात तुझं गाव कुठलं. ती तुमच्या गावाचं नाव सांगते. तिला यायचंय. सिफिसलाही यायचंय, तो बोलत नाही एवढंच. पण त्या गावात मी खमीर मारणारी बाई आहे. तशी मी येणार नाही आणि मुलीला पाठवणार नाही. तुम्ही आर्गिरोसमोर मला विचारलं होतं ना, न शिवायच्या दिवसांत होतीस का? तसं त्यांच्यासमोरच सांगा. नुसतं तेल लावलं ते नाही. का लावलं ते."

"सांगते."

"सांगा. मग ऑगस्टच्या सणाला येतो आम्ही तिघं."

परतीच्या वाटेवर गारिफालियाने मनात शब्द जुळवले. पाद्रीबाबांना आधी सांगितलं. ते दाढी कुरवाळत म्हणाले, "मला सांगितलंस, देवाने ऐकलं. आता गावात चिखल कशाला ढवळतेस?"

"सुनेला शब्द दिलाय."

"मग सांग. पण बेतानं."

रविवारी प्रार्थना सुटल्यावर अंगणात कॉफी होती. आर्गिरो, खरिक्लिया, बाकीच्या नेहमीच्या. गारिफालिया उभी राहिली. तिने खुर्चीची पाठ धरली.

"त्या वर्षीचं खमीर फोतिनीने मारलं नव्हतं. मी काठवटीला ओरेगानोचं तेल लावलं होतं. त्याने मेलं. तिचा काही दोष नव्हता."

मग आर्गिरो म्हणाली, "हे तुला आज आठवलं?"

"शेतकी खात्याची मुलगी बोलली तेव्हा कळलं."

"म्हणजे ठसा परत हवाय."

"ठसा नको मला."

"अगं, तेलाने काय होतंय," खरिक्लिया म्हणाली. "देवाच्या तुळशीपुढे तेलाची काय टाप? वेदीवरच्या तुळशीला अडवायचं तर त्याला तसंच काहीतरी अपवित्र लागतं. तू पोरासाठी बोलतेस, कळतं आम्हाला. आई आहेस."

"सुनेने बोलायला लावलं," कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं.

सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे, कीव करून. एक वाक्य राहिलं होतं, तेल का लावलं ते. ते बोललं असतं तर त्या गप्प झाल्या असत्या, कारण ते खोटं वाटण्यासारखं नव्हतं. त्या सगळ्यांच्या घरात ते वाक्य होतं. गारिफालियाने तोंड उघडलं. आर्गिरोने तिच्या कपात कॉफी ओतली आणि म्हणाली, "बस गं. फटीत बुरशी झाली असेल म्हणून लावलं असशील तेल. कुठली बाई लावणार नाही?"

"हो," गारिफालिया म्हणाली. "बुरशी झाली होती." आणि बसली.

दुपारी तिने रेथिम्नोला फोन लावला. फोतिनीनेच उचलला.

"सांगितलं मी. सगळ्यांसमोर. तुझा दोष नव्हता म्हणून सांगितलं."

"आणि?"

"त्यांना पटत नाही. म्हातारी खोडं ती, तुला माहीत आहेत."

"त्यांना पटायला मी सांगितलं नव्हतं. तेल का लावलं, ते सांगितलं?"

पलीकडून नातीचा आवाज येत होता, ती कुणाला तरी काहीतरी म्हणून दाखवत होती, मधेच चुकत होती, परत पहिल्यापासून म्हणत होती.

"फोतिनी," गारिफालिया म्हणाली, "फटीत बुरशी खरंच होती गं."

"हो," फोतिनी म्हणाली. "होती." तिचा आवाज चढला नव्हता. "सिफिस येईल सणाला. चीज बांधून ठेवा त्याच्यासाठी."

सिफिस आला, एकटाच. अर्धा तास बसला.